जो उरेल त्याने हाक द्यायची

अक्षराबद्दल आधीच माफी मागते. माझं अक्षर लहानपणापासून उजवीकडे कलतं आणि ऱ्हस्व कुठे, दीर्घ कुठे, हे मला अजूनही नीट कळत नाही. चौथीपर्यंत शिकले. त्यानंतर हातात पेन आलं ते रेशनच्या दुकानात सही करायला, नाहीतर मुलीच्या वह्यांवर नाव घालायला. ही वहीसुद्धा तिचीच, अकरावीच्या रसायनशास्त्राची. पुढची पानं भरलेली, मागची कोरी. म्हणून मागून लिहिते आहे. कुणी वाचायचं नाही असं ठरवून लिहिते आहे, तरी माफी मागते. सवय आहे.

आज लिहायला बसले, कारण शाळेत पुन्हा एप्रिलचा वास आला. भोपाळात नवीन सत्र एप्रिलमध्ये सुरू होतं. आंब्याचा मोहर गळून गेलेला असतो, कडुलिंबाची बारीक पांढरी फुलं अंगणभर पडलेली असतात, आणि सकाळी साडेसातलाच ऊन असं येतं की जणू दुपारपासून चालत आलंय. त्या उन्हात नव्या बुटांच्या रबराचा वास, पुस्तकांना घातलेल्या खाकी कव्हरांचा वास, भिंतींना नुकत्याच दिलेल्या रंगाचा वास. फिनाईलचा वास माझा. मी अवधपुरीतल्या एका शाळेत आया आहे. यंदा बारावं वर्ष.

आयाचं काम सोपं नसतं, पण कुणाला दिसत नाही. लहान मुलांना बाथरूमला न्यायचं, नाक पुसायचं, बुटाची नाडी बांधायची, उलटी झाली तर राख टाकायची, बाई वर्गात नसतील तर दारात उभं राहायचं. उभं राहायचं, बोलायचं नाही. हे मला शाळेनं शिकवलं नाही. माझे सासरे नागपूरहून सरकारी ऑफिसाबरोबर इकडे आले होते, शिपाई म्हणून. चार इमली भागात एका साहेबाच्या बंगल्यामागच्या खोलीत त्यांनी सगळी नोकरी काढली. मी नवी नवरी होऊन त्या खोलीत आले तेव्हा त्यांनी मला एकच गोष्ट सांगितली होती. "सुनंदे, साहेब बोलतात तेव्हा आपण भिंत व्हायचं. भिंतीला कुणी रागवत नाही." ते वाईट नव्हते. त्यांना खरंच वाटत होतं की सुनेला आपण काहीतरी मोलाचं देतो आहोत.

मी भिंत झाले. मुळात लाजाळू, त्यात ही शिकवण. दहा वर्षं शाळेच्या दारांतून उभी राहिले. मुलांशी बोलायचे तेही कुजबुजत. शिक्षिकांना माझा आवाज कसा आहे हे माहीत नव्हतं.

मागच्या एप्रिलमध्ये माहीत झाला.

त्या वर्षी सोनागिरीकडची एक छोटी शाळा बंद पडली आणि तिथली मुलं आमच्याकडे आली. सगळ्यांत जास्त चौथीत आली. एकूण मुलं एकतीस. आमची सोळा, त्यांची पंधरा. आमचा गणवेश निळा, त्यांचा मरून. पालक म्हणाले, मे-जूनची सुट्टी येतेच आहे, मुलं वाढतात, नवा गणवेश सुट्टीनंतर घेऊ. त्यांचं बरोबर होतं. पण त्यामुळे वर्गाचे दोन रंग दिसायला लागले. पंख्याखालच्या बाकांवर निळे, दाराजवळच्या बाकांवर मरून. मध्ये चालायला जेवढी जागा, तेवढी सरहद्द.

निळे म्हणायचे, "ए टमाटर, उधर बैठ." मरून म्हणायचे, "चल बे, नील की पुड़िया!" डबे वेगळे उघडायचे, रांगा वेगळ्या लागायच्या. एका निळ्या मुलानं तर मरून मुलीनं हात लावलेला खडू रुमालानं पुसून मग घेतला. नऊ वर्षांचा मुलगा. कुठे शिकला असेल? मी दारात उभी होते, मला दिसलं. भिंतीला सगळं दिसतं.

चौथीच्या वर्गशिक्षिका रश्मी मॅडम. वयानं लहान, पंचवीस-सव्वीसच्या, मनानं चांगल्या, प्रिन्सिपल मॅडमना घाबरणाऱ्या. त्यांना सुट्टीत एक प्रशिक्षण मिळालं होतं. दिल्लीहून कुणी सर आले होते आणि त्यांनी सगळ्या शिक्षकांना गोल उभं करून खेळ शिकवले होते. नव्या वर्गातला बर्फ फोडायचे खेळ, असं म्हणत होते. मला हसू आलं. भोपाळच्या एप्रिलात बर्फ! पण होता खरा. त्या वर्गात होता.

मॅडम मोबाईलमधली यादी बघून एकेक खेळ घ्यायच्या. पहिला चेंडूचा. ज्याच्याकडे चेंडू टाकायचा त्याचं नाव घ्यायचं. निळ्यांनी निळ्यांकडे टाकला, मरूननी मरूनकडे. चेंडू एकदाच चुकून पलीकडे गेला तर तो उचलायला कुणी वाकेना. मीच जाऊन उचलला. दुसरा खेळ वर्तमानपत्राचा. तिघांनी एका पानावर उभं राहायचं, पान दर वेळी अर्धं दुमडायचं, पाय बाहेर पडू द्यायचा नाही. मॅडमनी मुद्दाम रंग मिसळून तिघं-तिघं केले. मुलं एकमेकांना धरण्यापेक्षा पडणं पसंत करत होती. तिसरा खेळ गाठीचा, सगळ्यांनी समोरच्याचे हात धरून गुंता करायचा आणि हात न सोडता तो सोडवायचा. मुलांनी शर्टाच्या बाह्या बोटांवर ओढल्या आणि कापडाला कापड धरलं. चौथा खेळ न बोलता वाढदिवसाच्या क्रमानं रांग करायचा. रांगा दोन झाल्या. जानेवारी ते डिसेंबर निळी, जानेवारी ते डिसेंबर मरून. मॅडमनी कपाळाला हात लावला.

त्यात एक मुलगी होती, महक. मरूनमधली. तिच्या वडिलांचं सोनागिरीत पंक्चरचं दुकान. ती कुणाचीच नव्हती. मरून मुलंसुद्धा तिला घेत नसत, कारण ती बोलतच नसे. प्रत्येक खेळात जोड्या झाल्या, तिकड्या झाल्या, की महक उरायची. एकतीस ही संख्याच अशी, कुणीतरी उरणारच. पण दर वेळी तीच. उरली की ती स्वतःहून भिंतीला टेकायची, हात मागे घेऊन, नजर खाली. मी दाराच्या चौकटीला टेकलेली असायचे, हात मागे, नजर खाली. एकदा आम्ही दोघींनी एकदमच वर बघितलं. मला आरसा बघितल्यासारखं वाटलं, आणि राग आला. कुणाचा ते नाही कळलं. पण आला.

मी चौथीत होते तेव्हा आमची शाळा दोन खोल्यांची होती, वर्धेकडच्या एका गावात. पाचवीची शाळा नाल्यापलीकडच्या गावात. मुलींना नाला ओलांडून पाठवत नसत. त्यामुळे चौथी म्हणजे शेवट, हे आम्हा मुलींना पहिलीपासूनच माहीत असायचं. मधल्या सुट्टीत आम्ही एक खेळ खेळायचो, महाराष्ट्रात सगळ्यांना माहीत असलेला. दोन गोल करायचे, एकात एक. आतली मुलं उभी, बाहेरची पळणारी. राज्य असेल तो ओरडायचा, "डोंगराला आग लागली!" बाकीची ओरडत पळायची, "पळा, पळा, पळा!" मग तो म्हणायचा, "आग विझली!" की त्यानं आणि पळणाऱ्या प्रत्येकानं आतल्या एकेकाच्या मागे जाऊन उभं राहायचं. ज्याला जोडीदार मिळाला नाही तो बाद.

मी नेहमी बाद. पळायला हळू होते म्हणून नाही. जागा पकडायच्या वेळी दुसरं कुणी आलं की मी मागे व्हायचे. धक्का द्यायला जमायचं नाही. गुरुजी म्हणायचे, "सुनंदा बाहेर," आणि मी बाभळीखाली जाऊन बसायचे. त्या बाभळीखाली बसून मी तो खेळ जितका पाहिला, तितका खेळणाऱ्यांनीही पाहिला नसेल. मला तेव्हाच वाटायचं की यात एक खोट आहे. ज्याला खेळायची सगळ्यांत जास्त गरज, त्यालाच हा खेळ बाहेर काढतो.

तर त्या एप्रिलात, पाचव्या दिवशी, रश्मी मॅडम मोबाईल खाली ठेवून खुर्चीत बसल्या होत्या. मुलं आपापल्या रंगात. महक भिंतीला. आणि माझ्या तोंडून निघालं, "मैडम, एक खेल है. हमारे गाँव का."

मॅडमनी आधी वर्गात बघितलं, कुणी पाहुणी आली की काय. मग माझ्याकडे. "बाई, आप बोलीं?"

"हो," मी म्हणाले. मराठीतच म्हणाले.

"तो खिलाइए ना," मॅडम म्हणाल्या. "मेरे सारे तो फेल हो गए."

आम्ही बाकं व्हरांड्यात काढली. निम्मी मी काढली, निम्मी मुलांनी. बाक जड असतं, त्याला दोन टोकं असतात, दुसरं टोक कुणी धरलंय हे बघायला वेळ नसतो. पहिला बर्फ तिथेच फुटला असं मला आता वाटतं. आत मरून उभे केले, बाहेर निळे. नियम सांगितले. हाक मुलांसाठी हिंदीत केली: पहाड़ को आग लगी, भागो, भागो, भागो, बुझ गई. आणि एक नियम मी बदलला. बाभळीखाली बसून केव्हाचा बदलून ठेवला होता.

"जो बचेगा," मी म्हणाले, "वो आउट नहीं होगा. वो अगली आवाज़ लगाएगा."

एक निळा मुलगा म्हणाला, "दीदी, मतलब जो हारेगा वो राजा?"

"हारेगा कोई नहीं. जो बचेगा, वो बोलेगा. और बाकी सब उसकी सुनेंगे."

पहिली हाक मी दिली. दहा वर्षं साठलेला आवाज होता, मलाच दचकायला झालं. मुलं सुटली. "भागो, भागो, भागो!" चौथीच्या खोलीत एकतीस मुलांच्या बुटांचा आवाज म्हणजे पत्र्यावर चिंचा ओतल्यासारखा. "बुझ गई!" आणि निळ्यांना मरूनच्या मागे उभं राहावंच लागलं, दुसरी जागाच नव्हती. खांद्यावर हात ठेवायचा नियम होता. ठेवले. दुसऱ्या डावात आतले बाहेर, बाहेरचे आत. चौथ्या-पाचव्या डावानंतर कोण आत, कोण बाहेर, कुणाचा कुठला रंग, काही उरलं नाही. सगळ्यांच्या शर्टांवर घामाचा रंग एकच.

महक उरली. ती सवयीनं भिंतीकडे निघाली. सगळी मुलं ओरडली, "अरे किधर! आवाज़ लगा!" ती मध्ये उभी राहिली. खूप वेळ उभी राहिली. मग तिनं डोळे मिटून हाक दिली. त्या एवढ्याशा पोरीत एवढा आवाज! छताला लागून परत आला. मुलं पळायचं विसरून हसली, आणि मग ती पण हसली.

पुढचे चार दिवस रोज शेवटच्या तासाला तोच खेळ. महक मुद्दाम उरायला लागली. ते माझ्या लक्षात आलं होतं, मॅडमच्याही आलं होतं. कुणी अडवलं नाही.

पाचव्या दिवशी वीज गेली. पंखे बंद, म्हणून सगळ्या खिडक्या उघडल्या. चौथीची खोली तळमजल्यावर, फाटकाला लागून. फाटकावर शकूर चाचा, आमचे चौकीदार. पन्नाशीचे असतील, दिसतात साठीचे. श्वास थोडा वाजतो त्यांचा. एप्रिलात ते फाटकाजवळ लाल कापड गुंडाळलेला माठ ठेवतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला पाणी पाजतात.

महकनं हाक दिली. "पहाड़ को आग लगी!" तीस मुलं ओरडली, "भागो, भागो, भागो!" त्या दिवशी ते सगळं खिडकीतून थेट चाचांच्या कानात गेलं.

या शहरात काही माणसांच्या समोर 'भागो' हा शब्द असा ओरडायचा नसतो. हे मला कळायला हवं होतं. चौऱ्याऐंशीत गॅस सुटला त्या रात्री चाचा नऊ वर्षांचे होते. आमच्या चौथीतल्या मुलांएवढे.

इकडे महकनं "बुझ गई" म्हटलं होतं, जोड्या लागल्या होत्या, खांद्यांवर हात ठेवलेले होते, आणि घंटा वाजायला लागली. शाळा सुटल्याची नाही. चाचा लोखंडी तुकड्यावर जीव खाऊन बडवत होते. फाटकाची दोन्ही दारं त्यांनी सताड उघडली होती. "निकलो! सब निकलो! बच्चों को निकालो!" सगळ्या वर्गांतून मुलं बाहेर पडली, धक्के देत, रडत, दप्तरं टाकत. आमची चौथी निघाली ती जोडीनं. त्यांना वाटलं खेळाचाच पुढचा भाग आहे. खांद्यावरचे हात त्यांनी सोडले नाहीत. महक उरली होती, तिनं माझा पदर धरला.

फाटकासमोर लखन भैयाचा फळांचा ठेला असतो. एप्रिलात टरबुजं. चारशे मुलं त्या ठेल्यावर गेली. ठेला कलंडला आणि टरबुजं रस्त्यावर घरंगळली, फुटली, मुलांच्या बुटांखाली लाल चिखल झाला. लखन भैया दोन्ही हात डोक्यावर ठेवून उभा. आणि त्या सगळ्याच्या मध्ये शकूर चाचा. माठ उपडा करून त्यांनी आपला गमछा भिजवला होता आणि पहिलीतल्या एका मुलीच्या नाकातोंडावर धरला होता. "साँस मत लेना बेटा, धीरे, धीरे." आकाश स्वच्छ होतं. आग नव्हती, धूर नव्हता. पण त्यांनी गमछा हटवला नाही.

मी त्यांच्याजवळ गेले. "चाचा, खेल था. बच्चों का खेल."

ते माझ्याकडे बघत राहिले. "खेल?"

"खेल."

त्यांनी गमछा पिळला, खांद्यावर टाकला, आणि फाटकाच्या दगडावर बसले.

मग मोजणी. कुठल्या वर्गाची किती मुलं, कोण राहिलं, कोण कुठे गेलं. सातवीचे दोघं कोपऱ्यावरच्या दुकानात सापडले. दुसरीची मोजणी तीनदा चुकली. पाऊण तास लागला. चौथीची मोजणी एका मिनिटात झाली. पंधरा जोड्या आणि एक महक. प्रत्येकाला माहीत होतं आपल्यामागे कोण आहे.

दुसऱ्या दिवशी मला ऑफिसात बोलावलं. प्रिन्सिपल मॅडम, ऑफिसचे बाबूजी, कोपऱ्यात रश्मी मॅडम, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत. टेबलावर एक टाईप केलेला कागद आणि त्याच्या शेजारी शाईचा पॅड. बाबूजी म्हणाले, "बाई, यहाँ अँगूठा लगा दो. फॉर्मेलिटी है."

कुणी मला वाचायला येतं का असं विचारलं नाही. त्याचाही राग आला नसता, सवय होती. पण कागदावर 'महक' हे नाव दिसलं.

मी कागद उचलला. हिंदी होता, लिपी तीच, सावकाश वाचला तर कळतो. मी बोट ठेवून एकेक ओळ वाचली. मोठ्यानं वाचली, कारण मनात वाचायला मला जमत नाही. आयाने परवानगी न घेता वर्गात खेळ घेतला. विद्यार्थिनी महक हिला आग लागल्याची खोटी ओरड करायला लावली. आया आपली चूक मान्य करून माफी मागते. टरबुजांचं नुकसान, चोवीसशे रुपये, तिच्या पगारातून कापावे.

खूप वेळ लागला वाचायला. पंखा फिरत होता. मध्येच बाबूजी म्हणाले, "अरे, आपको पढ़ना आता है?"

"चौथी तक," मी म्हणाले. "इतना चौथी में आ जाता है."

मग मी कागद खाली ठेवला. मी म्हणाले की मी यावर सही करणार नाही. प्रिन्सिपल मॅडम म्हणाल्या, "सोच लो बाई. साइन नहीं करोगी तो कल से मत आना."

मी विचार केला होता. या कागदावर सही केली तर खेळ चूक ठरतो. महकनं आयुष्यात पहिल्यांदा तोंड उघडलं, ते चूक ठरतं. तिला उद्या कुणीतरी सांगणार, बघ, तू ओरडलीस म्हणून असं झालं. आणि ती परत भिंतीला जाऊन टेकणार, आणि मग चाळीस वर्षं तिथेच. मला ठाऊक आहे ती भिंत किती थंड असते.

"परमिशन ली थी," मी म्हणाले. "मैडम से पूछिए." रश्मी मॅडमनी वर बघितलं नाही. मी त्यांच्याकडे फार वेळ बघितलंही नाही. त्यांचीही नोकरी होती. "और आवाज़ झूठी नहीं थी, खेल की थी. कल रोड पे चौथी की गिनती सबसे पहले हुई. एक मिनट में. बाकी स्कूल को पौन घंटा लगा. मेरे से नहीं, रजिस्टर से पूछिए."

मी आणखी बोलले. एकदा सुरू झालं की थांबवायचं कसं हे मला माहीत नव्हतं. "चाचा को भी कुछ मत कहिए. सचमुच आग लगती, तो गेट उन्होंने ही खोला होता. आप लोग तो पूछ रहे थे, कहाँ है आग, कहाँ है आग."

बाबूजी खोकले. प्रिन्सिपल मॅडमचा चेहरा लाल झाला. "और तरबूज़? उसका पैसा कौन देगा?"

"मैं दूँगी," मी म्हणाले. "मेरे हाथ से. आपके कागज़ से नहीं."

शाईच्या पॅडचं झाकण मी स्वतः लावलं. एप्रिलात शाई लवकर वाळते.

घरी सांगितलं. आमचे हे हार्डवेअरच्या दुकानात कामाला. जेवता जेवता थांबले. "कायले बोललीस तू? दहा वर्षं गप्प होतीस नं? आणि पैसे द्यायचेच होते तर सही करून मोकळी झाली असती. एकच गोष्ट झाली."

"एकच नाही," मी म्हणाले. "टरबुजं फुटली, ती गरिबाची होती. खेळ माझा होता. ते देणं मला मान्य आहे. चूक मान्य नाही."

त्यांनी ताटातला घास संपवला. मग म्हणाले, "बाबा असते तर घाबरले असते तुझं ऐकून." आणि हसले. मी पण हसले. मुलगी आतून ओरडली, "आजोबा नाही, ऑफिसवाले घाबरले असतील!"

दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेले. येऊ नको असं सांगितलं होतं, तरी गेले. फाटक शकूर चाचांनी उघडलं. चौथीच्या दारात जाऊन उभी राहिले, पण हात मागे घेतले नाहीत. बाबूजी दोनदा समोरून गेले. कुणी हाकललं नाही. आजवर कुणी हाकललं नाही. तो कागद ऑफिसात कुठेतरी पडला असेल, बिनसहीचा. शेवटच्या तासाला रश्मी मॅडम दारापाशी आल्या. माझ्याकडे न बघता त्यांनी एका बाकाचं टोक धरलं आणि म्हणाल्या, "बाई, दूसरी तरफ़ से पकड़िए." एवढंच. मला पुरलं.

त्या दिवशी बाकं काढण्याआधी मी फाटकावर गेले होते. चाचांना म्हणाले, हाक बदलते. पहाड़ पे बारिश, नाहीतर दुसरं काहीतरी करते. ते विडी विझवत होते. "नई बाई, येई रहने दो," म्हणाले. मग थोड्या वेळानं, "तुम्हारे खेल में एक बात अच्छी है. आखिर में कोई बोलता तो है कि बुझ गई. हमको तो किसी ने आके बोला ई नहीं."

तेव्हापासून खेळ सुरू व्हायच्या आधी एक जोडी फाटकावर जाते. "चाचा, खेल शुरू हो रहा है." चाचा मान हलवतात. आणि शेवटची "बुझ गई" मुलं खिडकीशी जाऊन देतात, बाहेर तोंड करून. ते आम्ही कुणी ठरवलं नाही, मुलांनीच सुरू केलं.

यंदा चौथीत सगळे निळे आहेत. रंगांच्या सरहद्दी नसल्या तरी मुलं दुसऱ्या काढतात, त्यांना वेळ लागत नाही. नव्या वेळापत्रकात शेवटच्या तासापुढे 'समूह गतिविधि' असं छापलंय, म्हणजे गटाचे खेळ, आणि खाली दिल्लीच्या प्रशिक्षणाचं नाव आहे. माझं कुठेच नाही. असू दे. पहिली हाक मात्र अजून मीच देते. महक पाचवीत गेली. तिचा वर्ग वरच्या मजल्यावर आहे आणि तिथून तिचा आवाज खालपर्यंत येतो. परवा तिच्या बाई तक्रार करत होत्या की ही मुलगी फार बोलते. मी फरशी पुसत होते. पुसता पुसता तिथेच बसले, इतकं बरं वाटलं.

लखन भैयाला मी महिन्याच्या सात तारखेला दोनशे रुपये द्यायचे ठरवले होते. त्यामुळे मागचं सगळं वर्ष मी त्याच्या ठेल्यावरून पाहिलं. मेमध्ये टरबुजाचा शेवट आणि आंब्यांची सुरुवात. जुलैत शेगडीवर भाजलेली कणसं, लिंबू-मीठ. ऑक्टोबरात सीताफळं, हात लावला की फुटणारी. थंडीत पेरू, मग बोरं, नागपूरची संत्री. संत्र्यांच्या महिन्यात तो म्हणाला, "बाई, तुम्हारे तरफ़ का माल है, दो रख लो." मी घेतली, पण पैसे देऊन. फुकट घेतलं असतं तर हिशेबात गोंधळ झाला असता. माझ्या मनातल्या हिशेबात.

वर मी माफी मागितली आहे, ती तशीच राहू दे. ती फक्त अक्षराची आहे. दुसऱ्या कशाची नाही.

आज सात एप्रिल. शाळा सुटल्यावर ठेल्यावर गेले. टरबुजांचा ढीग, वर एक कापून ठेवलेलं, लालभडक, माश्यांवर ओला कपडा फिरवत लखन भैया उभा. मी नोट पुढे केली. बारावी.

"आखिरी है ना?" तो म्हणाला. "ये रहने दो बाई. साल भर दिया, बहुत है."

"नहीं," मी म्हणाले. "पूरा लो."

त्यानं माझ्याकडे बघितलं, मग नोट घेतली, कपाळाला लावली आणि पोत्याखालच्या डब्यात टाकली.